एक पदक वजा

राष्ट्राचा इतिहास शूरांच्या रक्तानं लिहिला जातो. आमच्या कचेरीच्या दर्शनी भिंतीवर हे वाक्य तांबड्या रंगात, हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेलं होतं. प्रत्यक्षात तो निळ्या शाईनं, तीन प्रतींत, मी लिहीत असे. आणि कार्बन जुना झाला असला की तिसऱ्या प्रतीत इतिहास उमटत नसे. लष्कराच्या रेकॉर्डला जायची ती तिसरी प्रत.

माजी सैनिकांची कामं बघणारी जिल्ह्याची ही कचेरी. कुणाचं जन्मसाल चुकलेलं, कुणाच्या बायकोचं नाव पडायचं राहिलेलं, कुणाची बढती कागदावर आलेलीच नाही. यायचा तो माणूस काहीतरी वाढवून मागायला यायचा. त्यामुळे सन शहाऐंशीच्या भाद्रपदात निवृत्त नाईक ज्ञानू रामजी शेडगे, मुक्काम ढालेवाडी, माझ्यासमोर सावधान पवित्र्यात उभा राहून म्हणाला, "भाऊसाहेब, माझं एक पदक कमी करायचंय," तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

खोलीत टेबलं चार होती. बाकीच्या तिघांसमोर रांग नव्हती. माझ्यासमोर सहाजण होते. तरी हा गडी त्या सहांच्या मागे तासभर उभा राहून माझ्याकडेच आला होता. पन्नाशी ओलांडलेला, उंच, मिशा काळजीपूर्वक कातरलेल्या. खिशातून त्यानं रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि टेबलावर पदक ठेवलं. लढाईत जखमी झालेल्यांना देतात ते.

"हे माझं न्हाई. बाजी कोंडिबा मांडव्याचं हाय. आमच्याच गावचा. एकाच तुकडीत होतो आमी. तोफगोळ्याची कपची त्याला लागली, पदक मला आलं. आता दुरुस्ती करा."

"पण कडेवर तुमचा नंबर कोरलाय की."

"तीच तर चूक."

आमचे हेडक्लार्क सबनीस. आयुष्यात त्यांनी एकही निर्णय घेतला नव्हता आणि त्यामुळे त्यांचा एकही निर्णय चुकला नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पदकाकडे पाहिलं, मग शेडग्यांकडे, मग कपाटाकडे.

"पदक नोंदवण्याचा नमुना आहे. पदक हरवलं तर त्याचा नमुना आहे. वगळण्याचा नमुना नाही."

"मग कसं व्हायचं?"

"नाव वगळायचं एकच कारण आमच्याकडे चालतं. मृत्यू."

"मग मरू काय मी?"

"तसा अर्ज तुम्हाला करता येत नाही," सबनीस शांतपणे म्हणाले. "तो वारसांनी करायचा असतो."

शेडगे हसला नाही. त्यानं पदक पुन्हा रुमालात बांधलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊसाहेब, तेरा वर्सं मी काय बोललो न्हाई. कागदावर होतं तवर चाललं. कागदाला उंदीर हाय, वाळवी हाय. पर आता गावानं दगड आणलाय."

मग दगडाची हकीकत निघाली. ढालेवाडीनं चावडीसमोर काळ्या पाषाणाची पुरुषभर उंच शिळा उभी करायचं ठरवलं होतं. गावातून लढाईवर गेलेल्यांची नावं त्यावर यायची, आणि ज्याला पदक त्याच्या नावापुढं पदक. पाथरवट मुक्कामाला येऊन बसला होता. सव्वीस जानेवारीला पडदा निघणार होता. यादी मात्र सरपंचांनी सरकारीच मागितली होती, म्हणजे भांडणं नकोत.

"आमच्या चावडीफुडं दगडात लिवलेलं असणार, ज्ञानू शेडगे, जखमी. आन बाजी रोज लंगडत त्याच्याफुडनं जाणार. मला न्हाई जमायचं ते. दगड कोण खातंय, सांगा."

सबनिसांनी खूप पानं उलटली आणि शेवटी त्यांना वाट सापडली. शेडग्यांचं पदक वगळता येत नव्हतं. पण मांडव्यांनी आपल्या पदकासाठी अर्ज केला तर त्याच्या चौकशीत आधीची नोंद चुकीची ठरू शकत होती. त्यासाठी तीन गोष्टी लागणार. एक, मांडव्यांचा सहीचा अर्ज. दोन, आमचे मेजरसाहेब, एक डॉक्टर आणि एक कारकून अशा तिघांनी जखम प्रत्यक्ष पाहून दिलेला दाखला.

"आणि तीन," सबनीस म्हणाले, "त्र्याहत्तर साली ज्या कर्मचाऱ्यानं जखमेची पाहणी केली आणि चुकीचा दाखला पाठवला, त्याचा लेखी खुलासा. कोण होता तो?"

"जुनी फाईल बघावी लागेल," मी म्हणालो. "शोधतो मी."

शेडगे माझ्याकडे बघत होता. "शोधा," तो म्हणाला. "घाई न्हाई. जानेवारीपत्तोर हाय वेळ."

*

आठ दिवसांनी तो मांडव्यांना घेऊन आला. गुरांची दावी विकत घ्यायला बाजारात जाऊ, म्हणून फसवून आणलं होतं. बुटका, रुंद खांद्यांचा, डावा पाय जरा ओढत चालणारा माणूस. मी बाकाकडे हात केला. तो बसला, म्हणजे उजव्या अंगावर सगळा भार टाकून, डावी बाजू अधांतरी ठेवून, एखादं चित्र भिंतीवर तिरकं टांगावं तसा टेकला.

"जखम कुठं झाली होती तुम्हाला?" मी विचारलं.

"कसली जखम? बैलगाडीवरनं पडलो मी."

"बाजी, भाऊसाहेबांफुडं तरी खरं बोल."

"तू गप, ज्ञान्या. दावी कुठायत दावी? दावी घ्यायला आणलंस न्हवं मला?"

"आरं, दगडात लिवणारेत!"

"तुझं लिवू देत. तुला आलंय, तू घाल. मी काय मागाय आलोय?" मग माझ्याकडे झुकून, आवाज उतरवून तो म्हणाला, "भाऊसाहेब, आमचं गाव तुमाला ठाव न्हाई. छातीवर लागलं तर गाव मिरवणूक काढतं. मागं लागलं तर इचारतं, कुठं चालला व्हतास?"

जखम कुठे होती ते मला तेव्हा समजलं. शेडगे छताकडे बघत होता.

"न्हाई म्हंजे," मांडवे घाईनं म्हणाला, "बैलगाडीवरनं पडलो मी." आणि दोघं दावी घ्यायला गेले. जिन्यात त्यांचा कडाकडा वाद चाललेला वरपर्यंत ऐकू येत होता. दहा मिनिटांनी खिडकीतून पाहिलं, तर समोरच्या हॉटेलात एका बशीत भजी खात बसले होते. शेडगे खुर्चीवर, मांडवे खांबाला टेकून उभा.

माझ्या मते प्रकरण तिथं संपलं होतं. मला त्याचं दुःख झालं नाही, एवढंच इथं सांगून ठेवतो.

पण पुढच्या सोमवारी मांडव्याची बायको तानूबाई एकटीच एसटीनं आली. डोक्यावरचा पदर सावरत तिनं चार घड्या घातलेला कागद माझ्यासमोर उलगडला. अर्ज होता. खाली बाजी मांडव्याची सही, जरा थरथरलेली.

"तयार झाले ते?"

"कशाचं तयार व्हत्यात. मी म्हनलं, सही केल्याबिगर ताट मिळायचं न्हाई. दोन वक्ताला उपाशी निजले. तिसऱ्या वक्ताला मी मटान शिजिवलं."

"आणि?"

"वास आला तवा पेन मागिटला."

सबनिसांनी अर्ज आवक नोंदवहीत चढवला. सही दबावाखाली घेतली आहे का, असा एक रकाना असतो. त्यात त्यांनी बराच विचार करून 'नाही' असं लिहिलं.

तानूबाई उठता उठता म्हणाली, "भाऊसाहेब, माज्या घरात तेरा वर्सं बैलगाडीचं नाव निघतंय. आमच्याकडं बैलगाडीच न्हाई."

*

दिवाळी झाल्यावर आम्ही कचेरीच्या जीपनं ढालेवाडीला गेलो. आमचे प्रमुख मेजर खर्डेकर पुढे, ड्रायव्हरशेजारी. मागे सबनीस, सरकारी दवाखान्यातले तरुण डॉक्टर मुजावर आणि मी. माझ्या मांडीवर फायलींची पिशवी होती. वाटेत सबनिसांनी विचारलं, "ती जुनी फाईल सापडली का?"

"सापडेल," मी म्हणालो.

चावडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मांडवे उजव्या अंगावर तिरका टेकून बसला होता. बायका दाराशी, पोरंटोरं खिडक्यांत. कोपऱ्यात पाथरवट छिन्नी घेऊन बसलेला. सगळ्यांत अधीर तो होता, कारण एक ओळ सोडून त्याचा बाकीचा दगड कोरून झाला होता.

मेजरसाहेब कमी बोलत. त्यांनी विचारलं, "मांडवे, जखम दाखवायला तयार आहात?"

मांडव्यानं खोली भरून बसलेल्या गावाकडे पाहिलं. "साहेब, मी बैलगाडीवरनं..."

"कुणाच्या?" दारातून तानूबाईचा आवाज आला.

गाव हसलं. कुणीतरी मागून म्हणालं, "बाजीनाना, लागलंय तरी कुठं, ते सांगा की!" आणखी कुणीतरी दबक्या आवाजात उत्तर दिलं, आणि हशा दुप्पट झाला. म्हणजे गावाला ठाऊकच होतं. मांडव्याचे कान लाल झाले. तो उठायला लागला.

तेवढ्यात शेडगे पुढे आला. डोईचा पटका काढून त्यानं बाजूला ठेवला आणि चावडीच्या फरशीवर पालथा पडला. लोकांना वाटलं, भोवळ आली. डॉक्टर धावले.

"सरका, डॉक्टरसाहेब. काय झालं न्हाई मला," शेडगे जमिनीवरूनच म्हणाला. "साहेब, तुमी लढाई बघितलीया. पालथा पडून फुडं सरपटायचं शिकिवत्यात तसा मी सरपटतो. गावाला सांगा, माणसाचं सगळ्यात उंच टोक कंचं ते."

आणि कोपरांवर जोर देत तो खरंच सरपटू लागला. पन्नाशी उलटली तरी अंगातली कवायत गेली नव्हती.

मेजरसाहेबांच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही. "सबनीस, फूटपट्टी."

सबनिसांनी पिशवीतून लाकडी फूटपट्टी काढून दिली. मेजरसाहेब गुडघ्यावर बसले. "थांबा तिथंच. डोकं," ते म्हणाले, आणि पट्टी उभी धरली. "नऊ इंच. लिहा."

मी लिहिलं.

"खांदे. आठ. लिहा."

मी लिहिलं. चावडीत आता कुणी हसत नव्हतं. म्हातारे मान लांब करून पट्टीवरचे आकडे बघत होते.

"आणि हे," मेजरसाहेब म्हणाले, "साडेदहा. लिहा, सबनिसांना वाचून दाखवा." मग ते उठले, गुडघ्याची धूळ झटकली आणि गावाकडे वळले. "गोळा वर हवेत फुटतो. कपच्या खाली येतात. पुढे सरपटणाऱ्या जवानाला लागल्या तर पहिल्यांदा इथं लागतात. पळणारा माणूस उभा असतो. त्याला कुठंही लागतं."

कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला, "आसं व्हय!" आणि तेवढ्या दोन शब्दांत तेरा वर्षांची बैलगाडी मोडून पडली.

पण शेडगे उठला नाही. फरशीला गाल लावून तो म्हणाला, "अजून संपलं न्हाई माझं. आता ऐकाच. मोहरीचं रान व्हतं. फुडं आमचा वायरलेसवाला पडला व्हता. बाजी त्याला आणाय सरपटत गेला. मी बांधाच्या खड्ड्यात व्हतो. मी न्हाई गेलो. म्हणून मला काय लागलं न्हाई. त्र्याहत्तर साली कचेरीचा माणूस आला, तवा पलटणीच्या भिजलेल्या कागदात एवढंच उरलं व्हतं, जखमी एक, ढालेवाडीचा. आमी दोघं उभं. बाजी लाजनं म्हनला, मला काय झालं न्हाई. मी बाही वर केली. हातावर इळ्याचा वण हाय माझ्या, ल्हानपणीचा. म्हनलं, हे बघा. आजपत्तोर म्या सोताला सांगितलं, की बाजीची अब्रू राखली." त्यानं गाल फरशीवरून उचलला. "अर्ध खरं हाय ते. अर्ध असं, की मला पायजे व्हतं."

कोपऱ्यात पाथरवटानं छिन्नी खाली ठेवली.

मग मांडवे उठला. तो लंगडत पुढे आला, फरशीवरच्या शेडग्याच्या डोक्याशी उभा राहिला आणि ओरडला, "ऊठ, गाढवा! खड्ड्यात व्हतो म्हणतोय! आरं, मी जाताना, येताना खड्ड्यातनं मशीनगन कोण चालवत व्हतं? तुझा आजा? तुझी गन थांबली असती तर मी आलो असतो व्हय माघारी? सगळ्यांनी सरपटत जायचं आसतं का?"

"मला भ्या वाटत व्हतं, बाजी."

"आन मला काय नाच करावा वाटत व्हता? ऊठ म्हणतो ना! लोकं बघायलीत."

शेडगे उठून बसला. मांडव्यानं त्याचा पटका उचलला, झटकला आणि त्याच्या डोक्यावर जरा जास्तच जोरात दाबला. मग मेजरसाहेबांकडे वळून म्हणाला, "चला साहेब. दावतो. पर आत. आन दार लावायचं."

चावडीच्या मागे तलाठ्याची खोली होती. मेजरसाहेब आणि डॉक्टर आत गेले. दार लागलं. बाहेर सबनिसांनी आपला कागद काढला आणि तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"आता तो खुलासा राहिला. त्र्याहत्तर सालचा पाहणी कर्मचारी. फाईल?"

मी मान वर केली तेव्हा शेडगे समोर उभा होता. त्याच्या गालावर फरशीची धूळ होती. तो काही बोलला नाही. भाद्रपदापासून बोलला नव्हता, तसाच.

मी पिशवीतून फाईल काढून सबनिसांना दिली. ती शोधावी लागली नव्हती. पहिल्या दिवसापासून माझ्याच खणात होती. भिजून वाळलेला कागद, त्याला टाचलेला माझ्या अक्षरातला दाखला: 'प्रत्यक्ष पाहणी केली. उजव्या हातावर जखमेचा वण आढळला.' खाली सही. सही पाहून सबनिसांनी चष्मा कपाळावर चढवला, मग पुन्हा नाकावर आणला, म्हणजे कुठून तरी ती वेगळी दिसेल.

"ही तर तुमची आहे."

"हो."

चोवीस वर्षांचा होतो. नोकरीला पाच महिने झाले होते. वैशाखातलं ऊन, हीच चावडी. परतीची एसटी चारची होती आणि पावणेचार झाले होते. मी खुर्चीवरून उठलोही नाही. एकजण म्हणाला मला काही नाही, दुसऱ्यानं बाही वर केली. मी शेतकऱ्याच्या घरातला. विळ्याचा वण आणि गोळ्याचा वण मला वेगळा ओळखता येत होता. त्या दिवशीही ओळखता आला होता. पण विचारलं असतं तर एसटी गेली असती.

"तुम्ही ओळखलं होतंत," मी शेडग्यांना म्हणालो.

"पहिल्या दिवशीच. तवा मिशी नव्हती तुमाला."

"मग बोलला का नाहीत?"

"दोघांनी मिळून केलेलं व्हतं, भाऊसाहेब," तो म्हणाला. "म्या माझं सांगायचं. तुमचं तुमी."

दार किलकिलं झालं. डॉक्टर मुजावर डोकावले. "वण स्पष्ट आहे. एक कपची अजून आत आहे. तिसरी सही कुणाची?"

आमच्या कचेरीत रीत अशी, की दोघांनी पाहिलं म्हणजे तिसऱ्यानं बाहेर बसून सही करायची. मी फाईल ठेवली आणि आत गेलो. जे पाहायला सरकारनं मला तेरा वर्षांपूर्वी ढालेवाडीला पाठवलं होतं, ते पाहिलं. मांडवे भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "झालं का समाधान?"

"झालं," मी म्हणालो, आणि सही केली.

दाखल्यातल्या एका रकान्यात जखमेचं ठिकाण लिहायचं होतं. सबनिसांनी तोंडी मजकूर सांगितला, 'कंबरेच्या दक्षिणेस.' मेजरसाहेबांनी तो खोडून सरळ शब्द लिहिला.

खुलासा मी त्याच चावडीत बसून लिहिला, तीन प्रतींत, नवा कार्बन घालून. चारची एसटी डोळ्यांसमोरून गेली. तानूबाईनं आम्हा सगळ्यांना जेवायला थांबवलं. मटण होतं. वासावर सही का होते, ते त्या दिवशी कळलं.

*

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रेकॉर्डचं पत्र आलं. नोंद दुरुस्त झाली होती: शेडगे वजा, मांडवे जमा. नवं पदक यथावकाश येईल, असंही होतं. माझ्यासाठी वेगळं पत्र होतं. त्यानुसार माझ्या सेवापुस्तकात तांबड्या शाईनं एक ठपका पडला: 'प्रत्यक्ष पाहणी न करता दाखला दिला.' तो अजून तिथं आहे. नोंद बरोबर आहे. दुरुस्तीसाठी मी अर्ज केलेला नाही.

सव्वीस जानेवारीला ढालेवाडीनं आम्हाला बोलावलं. शिळेवरचा पडदा मेजरसाहेबांनी ओढला. पाथरवटानं शेवटची ओळ, 'बाजी कोंडिबा मांडवे, जखमी', इतकी खोल कोरली होती, की त्यात बोट मावत होतं. शेडग्यांचं नाव वरच्या यादीत होतं, नुसतं नाव. तो पुढे जाऊन त्यावरून तळवा फिरवून आला आणि मला म्हणाला, "आता कसं हलकं वाटतंय."

नवं पदक आलेलं नव्हतं. शेडग्यानं रुमालाची गाठ सोडली आणि आपल्याजवळचं पदक मांडव्याच्या सदऱ्यावर लावलं. दुसऱ्याच्या नंबराचं पदक असं लावणं नियमात बसत नाही. सबनीस नियमाचे पक्के; ते त्या वेळी वळून एका झाडाचं निरीक्षण करत राहिले.

मग भाषणं झाली. सरपंच बोलले, उपसरपंच बोलले, साखर कारखान्याचे कुणी संचालक दीड तास बोलले. व्यासपीठावर शाळेतून आणलेल्या लोखंडी खुर्च्या होत्या. मांडवे मधल्या खुर्चीत, हार घालून, पदक लावून, उजव्या अंगावर झुकलेला. वेळ जाईल तसा जास्त झुकत चालला होता. शेवटी तर जवळजवळ मेजरसाहेबांच्या खांद्यावर होता.

"आणि आता," सरपंच म्हणाले, "ज्यांनी शत्रूच्या तोफगोळ्यांसमोर हटण्याचं नाव घेतलं नाही, ज्यांच्यामुळे ढालेवाडीचं नाव पाषाणावर अमर झालं, ते आमचे बाजीनाना दोन शब्द बोलतील. तुमच्या मनात काय आहे, नाना, ते उघड बोला."

टाळ्यांचा पाऊस पडला. मांडवे उठला. माईकपाशी आला. सगळं गाव श्वास रोखून बसलं होतं. तानूबाईनं डोळ्याला पदर लावून ठेवला होता. मांडव्यानं शिळेकडे पाहिलं, शेडग्याकडे पाहिलं, समोरच्या माणसांच्या समुद्राकडे पाहिलं. घसा खाकरला. मग त्याची नजर पहिल्या रांगेतल्या माझ्यावर येऊन थांबली.

"भाऊसाहेब," कर्ण्यातून त्याचा आवाज चारी दिशांना गेला, "तेवढी एखादी उशी मिळंल का बघा की."